ओढ्यातील मासे काचपेटीत आणताना

पावसाळा ओसरून ओढ्यांचे पाणी निवळू लागले म्हणजे खेडोपाडी मुले पंचा किंवा जुने लुगडे दोन टोकांना धरून लहान मासे पकडावयास निघतात. त्यांतील काही मासे कालवणात जातात, काही बरणीत. बरणीतील मासे बहुधा दुसरा दिवस पाहत नाहीत. मासे नाजूक असतात, असे यावर म्हटले जाते. परंतु उन्हाळ्यात गुडघाभर पाण्याच्या डोहात महिनेच्या महिने तग धरणारा प्राणी नाजूक कसा? दोष पकडण्याच्या, वाहून नेण्याच्या व ठेवण्याच्या रीतीत असतो आणि तो थोड्या समजुतीने दूर करता येतो. ग्रामसेवकांनी व शाळेत काचपेटी ठेवू इच्छिणाऱ्या शिक्षकांनी ही माहिती ध्यानात घ्यावी.

प्रथम मासा कोणता घ्यावा ते ठरवावे. कोकणातील ओहोळांत, विहिरींत व भातखाचरांच्या कडेला पाण्याच्या पृष्ठभागाशी एक सडपातळ मासा तरंगताना दिसतो. त्याच्या डोक्यावर चांदीसारखा चमकणारा ठिपका असतो. हा मासा डासांच्या अळ्या आवडीने खातो, चार इंचांपेक्षा मोठा सहसा होत नाही आणि नवशिक्याला उत्तम. मात्र तो उडी मारण्यात पटाईत असल्याने पेटीवर झाकण हवेच. शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका व नराच्या पाठीच्या परावर लांब तंतू असलेला मासा दक्षिण कोकण व गोव्याच्या नद्यांत मिळतो. तो कळपाने राहतो, म्हणून एकटा ठेवू नये. तळाच्या वाळूत दडणारे मुरेही टिकतात, पण त्यांच्या डोळ्याखाली बारीक काटा असतो व तो जाळ्यात अडकतो. अशा वेळी मासा ओढू नये, जाळे पाण्यात धरून त्याला आपणहून सुटू द्यावे.

काही मासे मोहात पाडतात, पण घेऊ नयेत. काचेसारखे पारदर्शक दिसणारे लहान मासे पेटीत फार शोभतात. त्यांतील एक जात मात्र इतर माशांचे खवले कुरतडून खाते आणि चार दिवसांत बाकीचे मासे ओरबाडलेले दिसू लागतात. मरळीचा लहान भाऊबंद, ज्याला पुष्कळ ठिकाणी डोक म्हणतात, हवेतील श्वास घेऊ शकतो. त्यामुळे तो डबक्यातही जगतो, परंतु तोंडात मावेल तो मासा गिळतो. याच डोक माशाचा नर अंडी व पिले स्वतःच्या तोंडात धरून सांभाळतो. त्यासाठी त्याला वेगळी पेटी दिल्यास शाळेतील मुलांना पाहण्यासारखी गोष्ट मिळेल. शिंगट्याच्या परांतील काटे हाताला खोल टोचतात, त्याच्या वाटेस न गेलेले बरे.

मासे धरण्यास आश्विन ते मार्गशीर्ष हा काळ योग्य. मृगाच्या पहिल्या पुरात कोकणात मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. चढणीचे मासे पकडण्याची हौस मोठी असली तरी त्या माद्यांच्या पोटात अंडी असतात, आणि त्या वेळी उचललेल्या एका मादीबरोबर पुढील वर्षाची शेकडो पिले जातात. चैत्र-वैशाखात ओढा आटून दोन-तीन डोह उरतात. अशा डोहात मासे दाटीने असल्याने ते झटकन सापडतात, पण तेच त्या ओढ्याचे बियाणे असते. शेतकऱ्याला यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही.

साधन म्हणून मच्छरदाणीचे मऊ कापड लावलेले हातजाळे पुरते. गाठींच्या जाड सुताने खवले व अंगावरील बुळबुळीत थर निघतो, आणि थर निघालेल्या जागी बुरशी धरते. गेळफळ कुटून किंवा रामेठ्याची साल टाकून पाणी मारण्याची जुनी रीत डोंगरी भागात आढळते, तिला आता ब्लीचिंग पावडर व बॅटरीच्या तारांची भर पडली आहे. या उपायांनी मासा वर येतो तो अर्धमेला, आणि त्याबरोबर त्याची पिले व अन्नही नष्ट होते. विष व स्फोटके घालून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच बंदी घातलेली आहे. अभयारण्यात परवानगीवाचून मासे धरू नयेत. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने नव्याने लिहिल्या गेल्या असून त्यांत काही मासेही आहेत, तेव्हा शंका असल्यास वनरक्षकास विचारावे. महाडजवळील वाळणकोंड किंवा वाड्याजवळील तिळसे येथील देवाचे डोह लोकांनी श्रद्धेने राखले आहेत. तेथील महसीर पाहावा, त्याला खाऊ घालावे, जाळे मात्र नेऊ नये.

वाहून नेण्यात सर्वाधिक मासे दगावतात. मासा धरल्यावर घाईने निघू नये. त्याच ओढ्याच्या पाण्याने अर्धी भरलेली बादली सावलीत ठेवावी व तिच्यात तासभर मासे पाहावेत. जखमी, लोळणारे वा पोट फुगलेले तेथेच सोडून द्यावेत. वाहतुकीच्या पिशवीत एक हिस्सा पाणी व दोन हिस्से हवा असावी, कारण माशाला लागणारा प्राणवायू हवेतून पाण्यात मिसळतो. पाणी काठोकाठ भरण्याची चूक फार जण करतात. पाणी जितके तापेल तितका त्यात प्राणवायू कमी राहतो. वीस अंश उष्णतेच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशांवर सुमारे साडेसातच मिलिग्रॅम मावतो. म्हणून भर दुपारी मासे नेऊ नयेत, पिशवीभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. दर लिटरला एक ते तीन ग्रॅम साधे खडेमीठ घातल्यास माशांचा ताण कमी होतो. वाटेत त्यांना काही खाऊ घालू नये, कारण विष्ठेने पाणी नासते.

घरी पोचल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्ही पाण्यांची उष्णता सारखी होईल. प्रवास तास-दोन तासांचा असेल तर पेटीतील वाटीवाटी पाणी पिशवीत घालून मग मासे सोडावेत. दिवसभर बंद राहिलेल्या पिशवीची गोष्ट निराळी. तिच्यात अमोनिया साठलेला असतो, पण कोंडलेल्या कर्बवायूमुळे पाणी आम्ल होऊन त्याची बाधा फारशी जाणवत नाही. पिशवी उघडून त्यात विहिरीचे जड पाणी मिसळले की तोच अमोनिया विषारी बनतो. अशा वेळी उष्णता सारखी होताच मासे जाळीने उचलून पेटीत घ्यावेत व पिशवीतील पाणी फेकून द्यावे.

पेटी मासे आणण्यापूर्वी निदान महिनाभर आधी भरून ठेवणे अगत्याचे आहे. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच पेटीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. तिच्यात दोन इंची सहा-आठ मासे पुरेत. वाळू धुऊन घालावी व त्याच ओढ्यातील पाणवनस्पती लावाव्यात. वाळूत दोन प्रकारचे जिवाणू हळूहळू वाढतात. पहिले माशांच्या विष्ठेतील अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट वनस्पतींना खत म्हणून उपयोगी पडते. शेणखत मुरल्याशिवाय पिकाला लागू पडत नाही, तसेच हे आहे. नळाचे पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मग वापरावे. कूपनलिकेच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, ते उंचावरून ओतून खळबळावे. कोकणातील ओढ्यांचे पाणी मृदू व देशावरील विहिरींचे जड असते, म्हणून कोकणातील मासा देशावर नेणाऱ्याने हे अंतर आठवडाभरात थोडे थोडे भरून काढावे. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. नवे मासे तीन-चार आठवडे वेगळे ठेवून मगच जुन्यांत मिसळावेत.

आता विक्रीविषयी. शोभेच्या माशांना शहरात भाव मिळतो हे कळल्यावर ओढे उपसण्याची बुद्धी होणे शक्य आहे. केरळात व लगतच्या कर्नाटकात ‘मिस केरळ’ नावाने ओळखला जाणारा, तोंडापासून अर्ध्या अंगापर्यंत तांबडी रेघ असलेला मासा १९९७ साली सिंगापूरच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवून प्रसिद्ध झाला. २००५ ते २०१२ या काळात ह्या व त्याच्या जवळच्या जातीचे मिळून तीन लाखांहून अधिक मासे भारतातून निर्यात झाल्याची नोंद आहे. पुढे त्याची गणना धोक्यात आलेल्या जातींत झाली. केरळ सरकारने २००८ मध्ये त्याच्या पकडीवर निर्बंध घातले. आज त्याची पैदास हौदात करता येते. गोवा व लगतच्या घाटओढ्यांत आढळणारा आणि मुंबई राज्याच्या मत्स्य खात्याचे संचालक डॉ. सेटना यांचे नाव लाभलेला लहान मासाही फार थोड्या प्रदेशात आहे. ज्याला विक्री करावयाची असेल त्याने पाच-दहा जोड्या आणून हौदात पैदास करावी. प्रारंभी सांगितलेला डोक्यावर ठिपक्याचा मासा यासाठी सोपा आहे. तो वनस्पतींना चिकटवून अंडी घालतो व सुमारे दोन आठवड्यांत पिले निघतात.

हौस फिटली म्हणून मासे जवळच्या तळ्यात सोडणे हा सर्वांत महाग पडणारा प्रकार. काच चाटून साफ करतो म्हणून विकत आणलेला परदेशी सकर मासा आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो व आपल्या टणक काट्यांनी जाळी फाडतो. त्याला बाजारात किंमत नाही. नको झालेला मासा दुसऱ्या पेटीवाल्याला द्यावा. पेटीतील बदललेले पाणीही ओढ्यात न ओतता परसातील अळूला किंवा केळीला घालावे. त्यात नायट्रेट असते व पिकास ते मानवते.