धबधबा चढणारा मासा

गणेश चतुर्थीला बाप्पाला निरोप देताना आपल्यापैकी अनेकजण नदीत उभे राहतात. पायाखालच्या दगडांत कोण राहते, हे मात्र आपण मुलांना क्वचितच दाखवतो.

गोड्या पाण्याच्या जीवनाविषयीची बरीच जुनी पुस्तके थंड देशांतल्या तळ्यांवरून लिहिली गेली. हिवाळ्यात गोठणारे पाणी, वसंतात वितळणारे बर्फ! मॉरिशसमध्ये पाणी गोठत नाही. येथे चक्रीवादळ आले की एका रात्रीत ओढा दगडधोंडे लोटीत धावतो. आपली नदी तिच्याच काठावर शिकवावी, असे आम्हांला वाटते.

बोटभर लांबीच्या एका माशाचेच पाहा. शास्त्रज्ञ त्याला सिसिओप्टेरस लॅगोसेफॅलस म्हणतात. (कोकणच्या खाडीतली निवटी त्याच्या दूरच्या नात्यातली!) त्याची अंडी नदीच्या तळाच्या दगडांना चिकटलेली असतात. अंड्यातून निघालेले पिल्लू प्रवाहाबरोबर वाहत जाते. थोड्याच दिवसांत खारे पाणी मिळाले नाही तर ते मरते. समुद्रात कित्येक महिने काढून ते एखाद्या नदीच्या मुखाशी येते. जन्माचीच नदी असेल असे नाही. मग पोटावरच्या परांची चकती आणि तोंड आळीपाळीने ओल्या खडकाला चिकटवीत ते चक्क धबधबा चढते.

समुद्रातले दिवस कसे मोजतात? माशाच्या कानात बारीक खडा असतो. त्यावर रोज एक वलय चढते. संशोधक ती वलये सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

आपल्या कामारोंच्या पिल्लांनाही वाढायला खारे पाणी लागते. वाम माशाचे उलटे: जन्म समुद्रात, वाढ नदीत.

म्हणून केवळ पाणी स्वच्छ असून भागत नाही, वाट मोकळी हवी. कोरड्या दिवसांत सारे पाणी उपसले, किंवा रस्त्याखालच्या मोरीचे तोंड प्रवाहाच्या वर अधांतरी राहिले, की वाट तुटते. उभा खडक चढणारा हा मासा हवेतली वीतभर फट ओलांडू शकत नाही. शेजारच्या रेयुनियों बेटावर वेगळेच संकट आहे. तेथे परतणाऱ्या पिल्लांना ‘बिशिक’ म्हणतात, त्यांची कारी लोकांना फार आवडते, आणि नदीच्या मुखाशीच ती पकडली जातात.

शिक्षकांनी वर्गाला ओढ्यावर न्यावे. सोबत पांढरे घमेले असावे. दगड हळूच उचलून पाहावा, पुन्हा होता तसाच ठेवावा. मोरीच्या खाली किती मासे, वर किती, हे वहीत लिहावे. खाली सापडले आणि वर एकही नाही, तर ती वही मोरीची देखभाल करणाऱ्यांना दाखवावी. मात्र डोंगरावर पाऊस असेल त्या दिवशी मुलांना पाण्यात उतरवू नये.