पाहुण्या पक्ष्यांची नोंद शेतकऱ्यानें कां व कशी ठेवावी

फाल्गुन लागला कीं रब्बीचा माल खळ्यावर येऊं लागतो, पळस फुलतो, आणि हिंवाळ्याच्या आरंभीं उत्तरेकडून आलेलीं पांखरें परतीच्या वाटेस लागतात. हरभऱ्याच्या शिवारांत उतरणारे कांड्या करकोचे मार्चच्या सुमारास निघून जातात. भोरड्यांचे थवे पळस, पांगारा व सांवर यांच्या फुलांवर कांहीं दिवस कल्लोळ करून एप्रिलांत दिसेनासे होतात. पाटाच्या कडेस शेपटी नाचविणारा हिंवाळी परीटहि एके दिवशीं तेथें नसतो. हें सर्व आमच्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु यांपैकीं कोणता पक्षी कोणत्या तारखेस गेला, असें विचारल्यास क्वचितच कोणास सांगतां येईल. या उणिवेविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

परतीच्या याच दिवसांत एखादें अनोळखी पांखरूं दृष्टीस पडण्याचा संभव असतो. तिबेट, मंगोलिया, मध्य आशिया, सैबेरिया अशा दूरच्या विणीच्या प्रदेशाकडे जातां जातां पक्षी वाटेंतील तळ्यावर किंवा माळावर थोडा विसावा घेतात. वादळामुळें एखादा आपल्या नित्याच्या मार्गावरून ढळून भलत्याच शिवारांत उतरतो. पुष्कळ जातींच्या अंगावर या सुमारास विणीचा रंग चढूं लागतो, त्यामुळें त्यांची ओळख पटणेंहि सुलभ होतें. मात्र हा मुक्काम बहुधा अल्प असतो. शहरांतील जाणकार सुटीच्या दिवशीं येऊन पोंचेपर्यंत पक्षी निघून गेलेला असतो. पहांटे पिकास पाणी देण्यास गेलेला शेतकरी हाच त्याचा एकमेव साक्षीदार. आणि साक्षीदारानें साक्ष लिहून ठेवली नाहीं, तर ती घटना घडली काय आणि न घडली काय, सारखेंच.

आमच्या हातून झालेला प्रमाद

हें आम्ही अनुभवानें लिहीत आहों. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्यें महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागावर गारपीट झाली, हें वाचक विसरले नसतील. त्या वेळीं आम्ही महसूल खात्यांत कारकून असून पंचनाम्याच्या कामावर होतों. गहू झोपला होता, हरभरा मातींत गेला होता, फळबागांत फळ राहिलें नव्हतें. एका गांवीं तळ्याच्या कांठीं बाभळींखालीं मेलेल्या पांखरांचा सडा पडला होता. तेथें एक वृद्ध शेतकरी आमच्यापाशीं आले. त्यांनीं मूठ उघडली. तींत धातूचें एक लहान कडें होतें. त्यावर इंग्रजी अक्षरें व आंकडे कोरलेले होते. तें एका मोठ्या हंसासारख्या पक्ष्याच्या पायांतून निघालें होतें. पक्ष्याचें अंग राखी, डोकें पांढरें, त्यावर मागच्या बाजूस दोन काळ्या पट्ट्या आणि पाय पिवळे, असें त्यांनीं सांगितलें. "भाऊसाहेब, हें बी लिहा कीं तुमच्या कागदांत," असें ते म्हणाले. आम्हीं उत्तर दिलें, "बाबा, याला आमच्या नमुन्यांत रकाना नाहीं."

निवृत्तीनंतर पक्ष्यांविषयीं वाचन करतांना आम्हांस उमगलें कीं, ती खूण पट्टकादंबाची होती. हा पक्षी तिबेट, लडाख व मंगोलिया येथील उंच सरोवरांच्या परिसरांत वीण करतो आणि हिमालय ओलांडून आपणांकडे येतो. सात हजार मीटरांहून अधिक उंचीवरून उडतांना त्याची यंत्राद्वारें नोंद झालेली आहे. पायांतील कडें शास्त्रज्ञांनीं घातलेलें असतें. त्यावरील आंकडा कळविला कीं तो पक्षी कोठें व कोणत्या दिवशीं धरला होता, तें निघतें. आम्ही त्या गांवीं पुन्हां गेलों. कडें नातवानें खेळतां खेळतां कोठें टाकलें, तें घरच्यांस सांगतां आलें नाहीं. आंकडा कोणींच उतरून घेतला नव्हता. कागदाच्या समासांत एक ओळ लिहिण्यास आम्हांस अर्धें मिनिटहि लागलें नसतें. त्या ओळीवांचून हिमालयापलीकडून आलेल्या त्या जिवाचा सारा प्रवास कायमचा पुसला गेला.

एका नोंदीचें मोल

एका पक्ष्यानें किती शिकवावें याचें उदाहरण जर्मनींत आहे. पक्षी हिंवाळ्यांत कोठें जातात, याविषयीं पूर्वीं युरोपांत नाना तर्क होते. ते चिखलांत निजून राहतात असेंहि मानणारे होते. १८२२ सालच्या वसंतांत मेक्लेनबुर्ग प्रांतीं क्ल्यूट्झ गांवाजवळ एक पांढरा करकोचा मारण्यांत आला. त्याच्या मानेंत आफ्रिकेंतील लांकडी भाला आरपार रुतलेला होता. भाला घेऊन तो समुद्रापलीकडून परतला होता. लोकांनीं तो फेकून दिला नाहीं; पेंढा भरून जतन केलेला तो करकोचा रॉस्टॉक येथील विद्यापीठांत आहे.

उलटपक्षीं खोटी नोंद किती घात करते, याचें उदाहरण आपल्या खानदेशांतील आहे. येथील रहिवासी असलेला रानपिंगळा मुंबई इलाख्यांतील मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनीं १८८४ पर्यंत गोळा केला होता. पुढें रिचर्ड माइनर्टझागेन या इंग्रज अधिकाऱ्यानें, आपणांस तो १९१४ सालीं गुजरातेंतील मांडवी येथें मिळाला, असा नमुना दाखल केला. तो नमुना ब्रिटिश संग्रहालयांतून चोरलेला जुनाच पक्षी असून त्यास नवी चिठ्ठी लावलेली होती. ही लबाडी उघडकीस आल्यावर शोधकांनीं १८८४ पर्यंतच्या अस्सल चिठ्ठ्यांवर विसंबून शोध केला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत आढळला. खोट्या सातबाऱ्यानें जसें खरें कूळ देशोधडीस लागतें, तसाच हा प्रकार.

नोंदीचे रकाने

म्हणून पक्ष्याची नोंद पंचनाम्याप्रमाणें लिहावी. आमच्या मतें पुढील रकाने पुरेसे आहेत.

(१) तारीख व वेळ. (२) गांव, शिवार व गट नंबर. तळें, माळ कीं उभें पीक, तेंहि लिहावें. (३) संख्या, मोजली असल्यास "मोजून", नसल्यास "अंदाजें" असें स्पष्ट लिहावें. (४) आकार, चिमणी, साळुंकी, कावळा, घार, बगळा यांपैकीं कोणाएवढा. (५) डोकें, चोंच, पाठ, पोट, शेपटी व पाय यांचे रंग. (६) आवाज, आणि पक्षी काय करीत होता तें. (७) वारा, पाऊस, धुकें. (८) सोबत पाहणारे कोण. भ्रमणध्वनीवर छायाचित्र मिळाल्यास उत्तमच, पण त्यासाठीं पक्ष्यास उठवूं नये.

वर्णन जागेवरच लिहावें आणि पुस्तक मागाहून उघडावें. आधीं चित्र पाहिलें कीं डोळ्यांस चित्रांतलाच रंग दिसूं लागतो. नांव न कळल्यास "ओळख पटली नाहीं" असें लिहिण्यांत कमीपणा नाहीं. तर्कानें नांव ठोकून देण्यांत आहे. शिवाय नित्याचीं पांखरेंहि लिहावीं. भोरड्या शेवटच्या केव्हां दिसल्या, हें दहा वर्षें लिहिलें असेल तरच अकराव्या वर्षीं त्या लौकर गेल्या कीं उशिरां, हें ठरेल. नित्याचें काय हें ठाऊक असल्याशिवाय दुर्मिळ काय हें कळत नाहीं.

कडें आढळल्यास त्यावरील प्रत्येक अक्षर व आंकडा जसाच्या तसा उतरून घ्यावा. कांहीं पक्ष्यांच्या गळ्यांत रंगीत पट्टी असते. तिच्यावरील अक्षरें दुर्बिणीनें वाचावीं. जिवंत पक्षी मात्र धरूं नये. एके ठिकाणीं पुष्कळ पांखरें मेलेलीं आढळल्यास त्यांस हात न लावतां पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस तत्काळ कळवावें. २००६ सालीं नवापूर येथें बर्ड फ्लूनें कुक्कुटपालकांची काय दैना झाली, तें सर्वांस ठाऊक आहे.

नोंद पाठविण्यास आतां मार्गहि सोपे आहेत. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून हें कार्य करीत असून कड्यांची माहिती तेथें कळवितां येते. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेनें २००२ सालीं सुरू केलेल्या ईबर्ड या जागतिक नोंदवहींत घरांतील शिकलेला मुलगा किंवा मुलगी भ्रमणध्वनीवरून नोंद घालूं शकेल. अपूर्व पक्ष्याची नोंद घातल्यास तेथील तपासनीस पुरावा विचारतात. त्याचा राग मानूं नये. मात्र दुर्मिळ पक्ष्याचें घरटें किंवा रात्रीची बसण्याची जागा चारचौघांत बोलूं नये. जाणकारांस व वन खात्यास कळवावी, इतरांस नाहीं; शिकाऱ्याच्या कानीं ती लौकर जाते.

आमची शेतकरी बंधूंस एवढीच विनंती कीं, शेताच्या हिशेबवहीचें शेवटचें पान यंदाच्या फाल्गुनापासून पाखरांसाठीं मोकळें ठेवावें. त्या वृद्ध गृहस्थांस जें उमगलें, तें नमुने भरण्यांत केस पांढरे झालेल्या आम्हांस उमगलें नाहीं. रकाना नसेल तर तो आंखून घ्यावा लागतो. आमच्या वहींत आम्हीं तो आंखला आहे. त्यांतील पहिली ओळ २०१४ सालची असून कड्याच्या आंकड्याची जागा कोरी आहे.