डॉक्टर, जरा जपून बोला!

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या छातीत गाठ आढळली तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. साताऱ्याच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मिरजेला जायला सांगितलं. मोठं दुखणं आलं की आपल्या भागातली माणसं मिरजेचीच वाट धरतात. तिथल्या एका लहान खासगी दवाखान्यात आम्ही गेलो. कागद पाहून डॉक्टर माझ्या थोरल्या दिरांना म्हणाले, "काढून टाकू. आता वय झालं, मुलं मोठी झाली. ठेवून तरी काय करायचंय?"

जाऊबाई समोरच बसल्या होत्या. त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. आज चौदा वर्षं झाली, जाऊबाई ठणठणीत आहेत. पण एकदा सांडगे घालता घालता मला म्हणाल्या, "जीव वाचवला, त्या डॉक्टरांचे उपकारच आहेत गं. पण 'ठेवून काय करायचंय' म्हणाले! अडगळीतलं जुनं पिंप होतं का ते?"

मैत्रिणींनो, हे शब्द आले कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या डॉ. हॉल्स्टेड यांनी स्तन आणि त्याखालचे स्नायूसुद्धा काढण्याची पद्धत रूढ केली. पुढे कित्येक दशकं तीच चालली. बाईला भूल देत, गाठ तपासत आणि कर्करोग निघाला तर तिला न उठवता स्तन काढत. जाग आल्यावर छाती चाचपून तिनंच काय ते समजून घ्यायचं! रोझ कुश्नर या अमेरिकन पत्रकार बाईंना १९७४ साली हा आजार झाला, तेव्हा त्यांनी या रीतीविरुद्ध आवाज उठवला. १९७९ साली तिथल्या तज्ज्ञांच्या परिषदेनं तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या वेळी करण्याची शिफारस केली. १९८१ साली मिलानच्या डॉ. वेरोनेसी यांनी ७०१ रुग्णांचा अभ्यास मांडला. गाठ लहान असेल तर स्तनाचा तेवढाच भाग काढून किरणोपचार केले, तरी रुग्ण तितकेच जगतात, असं त्यात दिसलं. म्हणून आज "पूर्ण काढावाच लागेल का?" हा प्रश्न म्हणजे बायकी हट्ट नव्हे, रास्त प्रश्न आहे.

आपल्याकडे २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याच अंगानं निकाल दिला. त्यांना तपासणीसाठी भूल दिली होती. त्या अवस्थेत, केवळ त्यांच्या आईची संमती घेऊन, त्यांचं गर्भाशय काढलं गेलं. न्यायालय म्हणालं, जाणती बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असेल तर दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही.

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते सांगलीला, माझ्या नणंदेच्या घरी. वन्संचं धाकटं लेकरू मुलगी म्हणून जन्मलं. लहानपणापासून "मी येतो मामी, मी जातो मामी" असंच बोलायचं. सांगली-कोल्हापूरकडे बायकाही तसंच बोलतात, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तेराव्या वर्षापासून मात्र पोर वाकून चालू लागलं. भर उन्हाळ्यात छातीला क्रेप बँडेज करकचून बांधायचं. कातडीला जखमा झाल्या, दम लागू लागला. एकविसाव्या वर्षी त्यानं आईला सांगितलं, "आई, मी मुलगा आहे. मला ही छाती काढायची आहे."

वन्संनी रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी एका डॉक्टरांकडे नेलं. ते हसले. म्हणाले, "चांगली धडधाकट पोरगी आहेस. लग्न झालं की डोक्यातलं खूळ जाईल. काढून काय करायचंय?"

पाहा, एकीला "ठेवून काय करायचंय" आणि दुसऱ्याला "काढून काय करायचंय"! ज्याचं शरीर, त्याला दोन्हीकडे विचारलं नाहीच.

जाऊबाईंना हे कसं सांगावं, या काळजीत आम्ही होतो. ज्यांचं गेलं त्यांना काय वाटेल? त्यांनी सगळं ऐकलं आणि वन्संना म्हणाल्या, "माझं गेलं म्हणून मी रडले, त्याचं आहे म्हणून तो रडतोय. रडणं दोन्हीकडे खरंच ना? मला कुणी विचारलं नाही. त्याला तरी विचारा." त्या दिवसापासून मीही 'तो' म्हणू लागले. आधी जीभ अडखळायची, आता नाही.

अशी भावना हा मनाचा रोग नव्हे, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली नव्या रोगसूचीतून मान्य केलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ सालीच सांगितलं होतं की, स्वतःची लिंगओळख ठरवणं हा माणसाचा हक्क आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येत नाही. २०२१ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं वैद्यकीय पुस्तकांत अशा माणसांविषयी अवमानकारक मजकूर नसावा, अशी सूचना केली. बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे यांची गोष्ट जरा वेगळी, तपासणीत त्यांच्यात पुरुषाचं गुणसूत्र आढळलं होतं. पण उच्च न्यायालयापर्यंत जाऊन, २०१८ साली गृहखात्याच्या परवानगीनं मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ते त्याच नोकरीत राहिले.

भाच्याशी मानसोपचारतज्ज्ञ अनेकदा सविस्तर बोलले, मगच शस्त्रक्रिया झाली. आता तो ताठ चालतो.

घरात अशी वेळ आली तर एवढं ध्यानात ठेवा. प्रश्न कागदावर लिहून न्या. डॉक्टर नवऱ्याशीच बोलू लागले तर "मलाही सांगा" असं म्हणा. शस्त्रक्रियेनंतर हाताचे व्यायाम विचारून घ्या आणि हाताला सूज आली तर लगेच दाखवा. छातीला क्रेप बँडेज कुणी बांधत असेल तर रागावू नका, पण ते थांबवा. छाती काढलेल्यांनी आणि पुरुषांनीही गाठ लागली तर तपासून घ्यावी, कारण थोडा भाग उरतो आणि पुरुषांनाही हा आजार होतो. आणि "बाईपण गेलं" हे शब्द घरात कुणालाही उच्चारू देऊ नका.

परवा तपासणीला नव्या डॉक्टरीणबाई होत्या. हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, "मावशी, या बाजूला तुम्ही काय म्हणता? मीही तेच म्हणेन." जाऊबाई क्षणभर थांबल्या. "छातीच म्हणा," त्या म्हणाल्या, "अजून माझीच आहे."

येताना एसटीत त्या घरापर्यंत गप्पा मारत होत्या.