आंब्याची शिदोरी, अंजिराची मान

बाळांनो, सरकून बसा आणि पाटीतली ही दोन अंजिरं हातात घ्या. एक हिरवं, टणक. देठाशी पांढरा चीक अजून डवरलाय. दुसरं जांभळट, बोट लावताच दबणारं, आणि त्याची मान बघा कशी कललीय! दोन्ही एकाच झाडाची.

आपल्या पुरंदरात मे सरत आला की मीठा बहार आटोपत येतो. वळीव कोसळला तर पिकली फळं झाडावरच तडकतात, आंबतात. म्हणून शेवटची तोडणी घाईची होते आणि पाटीत कच्चीही येतात. मग कुणीतरी म्हणतंच, "आंब्यासारखी आढी लावा, पिकतील!"

इथंच खरी गंमत आहे. पाडाला लागलेला आंबा झाडावरून निघताना शिदोरी घेऊन निघतो. त्याच्या गरात पिष्ट साठलेलं असतं. आढीत त्याचीच साखर होते. अंजिराकडे असा साठा जवळजवळ नसतोच. ते आधी भराभर वाढतं, मग काही आठवडे थांबल्यासारखं दिसतं आणि अखेरच्या थोड्या दिवसांत एकदम फुगतं. पानांनी केलेली साखर देठातून आत येते ती मुख्यतः तेव्हाच. पिकल्या ताज्या अंजिराच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १६ ग्रॅम साखर असते. देठ आधी तुटला, की ती वाट बंद.

मग पिकवतं कोण? इथिलीन नावाचा वायू. फळं स्वतःच तो सोडतात, हे रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये सफरचंदावर सिद्ध केलं. पण माणसानं तो नाव न कळता आधीच कामाला लावला होता. इजिप्तमध्ये अंजिराच्या भाऊबंदांपैकी एका झाडाची फळं झाडावर असतानाच लोक लोखंडी नख्यांनी खरवडत, आणि ती चौथ्या दिवशी पिकत, असं ग्रीक पंडित थिओफ्रॅस्टस दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहून गेला. जखम झाली की फळ इथिलीन सोडतं. भूमध्य सागराकाठी अंजिराच्या तळाच्या डोळ्यावर ऑलिव्हचं तेल लावतात, तेही त्याचसाठी. दोन्हीकडे फळ झाडावरच असतं, हे ध्यानात घ्या! वायू पिकण्याचा हुकूम देतो, साखर मात्र झाडच देतं.

आता पाटी निवडू या. मान कललेली, रंग चढलेली, थोडी मऊ पडलेली फळं वेगळी काढा. कागदावर एकेक सुटं ठेवा, ढीग करू नका; दबलेल्या फळाला लगेच बुरशी धरते. शेजारी पिकलं केळं ठेवलंत तर त्याचा वायू मदत करील. एक-दोन दिवसांत ती लुसलुशीत होतील. गोडी मात्र तोडताना होती तेवढीच राहील. मऊ झाली की खाऊन टाका, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. टणक हिरवी कच्ची खाऊ नका. त्यांच्या चिकात प्रथिनं तोडणारं फायसिन असतं, त्यानं ओठ-जीभ चुरचुरते.

उद्या बागेत गेलात की आधी मान बघायची. आभाळ भरून आलं तरी ताठ मानेचं अंजीर झाडावरच राहू द्या. पावसानं एखादं तडकेल, पण जे टिकेल ते गोड होईल. आज तोडलं तर तेवढंही नाही.