सायकलवरून माहेर

मागच्या उन्हाळ्यात आम्ही मुलाकडे अॅम्स्टरडॅमला गेलो. दुसऱ्याच दिवशी त्याने दोन सायकली आणून दारात उभ्या केल्या. म्हणाला, "अम्मी, अब्बा, हे शहर बघायचं तर असंच."

आमच्यातली एक जुन्नरची, कागद्यांच्या घरातली. शाळेला सायकलवर जायची. दहावी झाली आणि घरातल्या मोठ्यांनी सायकल माळ्यावर टाकली ती टाकलीच. दुसरा मंचरचा, सायकलवरून किराणा पोचवत मोठा झालेला. तिकडच्या बऱ्याच सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पॅडल उलटं मारलं की चाक थांबतं. पहिल्याच चौकात ती मुठी आवळत राहिली आणि सायकल पुढे निघून गेली! पण आठवडाभरात जमलं. कालव्यांच्या कडेने, लाल रंगाच्या सायकल-वाटांवरून आम्ही ते परकं शहर पालथं घातलं. परतताना विमानात ती म्हणाली, "तिथल्या गल्ल्या पाठ झाल्या. आणि जुन्नरला आपण जातो ते ईदला, लग्नाला नाहीतर मयतीला. तेही गाडीच्या काचेतून."

मंचर ते जुन्नर, नारायणगाववरून, तीसेक किलोमीटर. जानेवारीतला रविवार ठरवला. फजरची नमाज पढून लगेच निघायचं होतं, पण आपल्याकडे उसातून बिबट्या कधी रस्त्यावर येईल सांगता येत नाही. उजाडेपर्यंत थांबलो.

कळंबला घोडनदी आणि नारायणगावला मीना. गाडीतून जाताना हे पूल कधी मोजले नव्हते. सायकलवर प्रत्येक पुलाआधी उतार आणि पुलानंतर चढ. पाय आपोआप मोजतात. लोक बघत होते, नाही असं नाही. ओढणी पिनांनी पक्की केलेली, पायात मुलाचे जुने बूट, वय पन्नाशीपुढचं. एका ट्रॅक्टरवाल्याने वेग कमी करून विचारलं, "चाची, गाडी बंद पडली का?" नाही म्हटल्यावर हसला आणि पुढे गेला.

गावाच्या अलीकडे, पूर्वेला हापूसबाग. इथे शेतांच्या मधोमध तो मोठा घुमट उभा आहे. कुणी हबशी घुमट म्हणतं, कुणी सौदागर घुमट. दोन्ही नावांत बाहेरून आलेला माणूस आहे. मलिक अंबर असाच. हबशी देशात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनमध्ये निझामशाहीचा पेशवा झाला आणि १६०७ च्या सुमारास त्या सल्तनतीची राजधानी काही काळ जुन्नरला होती. त्याची स्वतःची कबर खुलताबादला आहे. घुमटाच्या सावलीत सायकली टेकवून आम्ही डबा सोडला. आत आवाज केला की तो वर जाऊन फिरून येतो. तिने हळूच फातिहा पढली, तीही फिरून आली.

आम्ही परक्या शहराचं कौतुक करत होतो, पण एके काळी जुन्नर हेच परक्यांचं मोठं शहर होतं. इथल्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा लेख आहे. १४७० च्या आसपास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलहून घोडा घेऊन इथे आला आणि पावसाळाभर अडकला. इथला अंमलदार असद खान. त्याने घोडा काढून घेतला आणि बजावलं, इस्लाम कबूल कर, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो. निकितिन रडकुंडीला आला. ख्वाजा मुहम्मद नावाचा एक खुरासानी मुसलमान मध्ये पडला, खानाला समजावलं. घोडा परत मिळाला, माणसाचा धर्मही राहिला. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. असद खानापेक्षा त्या ख्वाजाचं नाव पोरांना माहीत असायला हवं, असं आम्हाला वाटतं.

शिवनेरीच्या पायथ्याशी सायकली एका चहावाल्याकडे ठेवल्या. सात दरवाजे चढून वर गेलो. महाराजांच्या जन्मस्थानी गर्दी होती, सहली आल्या होत्या. त्याच गडावर कमानी मस्जिद आहे, दोन मिनारांना जोडणारी कमान आभाळात उभी, खाली पाण्याचं टाकं. तिथे फक्त एक पोरगा मोबाइलवर फोटो काढत होता.

खरी धाकधूक पुढे होती. तिचे मोठे मामू गावातच राहतात, ऐंशीच्या पुढचे. सायकल माळ्यावर टाकणारे तेच. गल्लीच्या तोंडाशी ती उतरली, "इथून हातात धरून नेऊ." मग पुन्हा बसली. दारापर्यंत बसूनच गेली.

मामूंनी सलाम घेतला. सायकलीकडे पाहिलं, चाक बोटाने दाबलं. "हवा कमी आहे. मंचरपासून अशीच आलीस?" एवढंच. मग पाणी, मग चहा, मग जेवणाचा आग्रह.

जेवणानंतर कागदाचा विषय निघाला. जुन्नरी कागद पेशव्यांच्या दफ्तरात जायचा. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा वसला तो इथल्याच कारागिरांनी. जुनं तागाचं गोणपाट चुन्यात भिजवायचं, ढेकीने कुटायचं, नदीत धुवायचं, हौदातून चटईच्या साच्यावर पातळ थर उचलायचा. भिंतीवर वाळवायचं, खळ लावायची, आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचं. बोरू अडू नये म्हणून. "घोटणं बायकांचं काम," मामू म्हणाले. "तुझी पणजी दिवसभर घोटायची. गिरणीचा कागद आला, हौद बुजले."

ते आत गेले आणि फडक्यात बांधलेला एक दगड घेऊन आले. अंड्याएवढा, एका बाजूने आरशासारखा. तिच्या हातात दिला. "घरात कुणाला याचं काय माहीत आहे? तू ने."

सायकलीबद्दल ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. आम्हीही काढलं नाही.

तीनला निघालो तर समोरून वारा आणि पायांत गोळे. मामूंनी नातवाला पिटाळून नारायणगावचा एक टेम्पो थांबवला. सायकली टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर आडव्या टाकल्या, आम्ही ड्रायव्हरशेजारी. दगड तिने पिशवीत ठेवला नव्हता, ओढणीच्या टोकाला बांधून मुठीत धरला होता.