लेन्स पुसताना कोटिंग कसं वाचवायचं?

मागच्या वर्षी मालवणच्या किनाऱ्यावर फोटो काढताना लेन्सवर लाटेचे तुषार उडाले. मी सवयीने टी-शर्टच्या टोकाने लेन्स पुसली आणि पुढचे फोटो काढत बसलो. घरी येऊन टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर काचेवर बारीक ओरखडे. लेन्स बाबांची, पगारातून पैसे साठवून घेतलेली. त्यांना सांगायला मला आठवडा लागला.

दोष टी-शर्टपेक्षा त्याखाली अडकलेल्या वाळूचा होता. वाळूत बहुतेक क्वार्ट्झ असतं आणि ते लेन्सच्या काचेपेक्षा कडक. कापड फिरवलं की तो सँडपेपरच झाला!

कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. लेन्समध्ये १० काचा धरल्या तर २० पृष्ठभाग, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रकाश वाया. यावर झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये कोटिंगचं पेटंट घेतलं. मॅग्नेशियम फ्लोराइडचा असा एक थर जेमतेम १०० नॅनोमीटरचा असतो. आपला केस त्याच्या शेकडो पट जाड! आता असे अनेक थर एकावर एक देतात.

म्हणून आधी ब्लोअर. लेन्स खाली तोंड करून धरा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. मग मऊ ब्रश, पण त्याच्या केसांना बोट लावायचं नाही, बोटाचं तेल काचेवर जातं. बहुतेक वेळा काम इथेच संपतं. चार धुळीचे कण फोटोत दिसतसुद्धा नाहीत, उगाच रोज पुसू नका.

बोटाचा डाग असेल तरच मायक्रोफायबर कापड. लेन्स क्लीनरचे एक-दोन थेंब कापडावर टाका, काचेवर नाही. कडेने आत झिरपलं तर वेगळीच डोकेदुखी. मधून बाहेर, गोल गोल, हलक्या हाताने. खिडक्या पुसायचा अमोनियावाला स्प्रे अजिबात नको. कापड धुताना फॅब्रिक सॉफ्टनरही नको, त्याचा थर काचेवर उतरतो.

समुद्राचं पाणी वाळलं असेल तर मिठाचे खडे असतात. ब्लोअरनंतर डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेलं कापड काही सेकंद नुसतं टेकवून ठेवा, मीठ विरघळू द्या, मगच पुसा.

बाबा रागावले नाहीत. एरवी फोटो ठीक येतात, पण सूर्य समोर असला की त्या लेन्समधून आता सगळं धुरकट दिसतं.