पाळण्यात बसायचं तर पदर खोचून

गुंज असो, फुलसावंगी असो, मुडाणा असो की हिवरा संगम, गटाची बैठक संपत आली, बचतीचा हिशोब झाला, की आजकाल एक विषय हमखास निघतो. यंदा सहल कुठं? आधी माहूर, शेगाव, पंढरपूर एवढीच नावं यायची. आता पोरींनी मोबाईलवर पाहिलेलं असतं, म्हणून हैदराबादचं वंडरला, रामोजी, खोपोलीचं इमॅजिका अशीही नावं येतात. काही गट तर दोन-तीन वेळा जाऊन आलेत. त्या बायांकडून जे कळलं आणि आम्ही जे पाहिलं, विचारलं, ते आज सांगतो.

आधी एक गोष्ट. तीर्थाला जायचं म्हटलं की घरून परवानगी मिळते. पाळण्यात बसायला जायचं म्हटलं की सासूबाई म्हणतात, "आता या वयात कायले?" आम्हाला हे पटत नाही. नवरे-पोरं माहूरच्या यात्रेत आकाशपाळण्यात बसतात तेव्हा बाया खाली पिशव्या सांभाळत उभ्या असतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. वर्षभर निंदण, वेचणी, गटाचे हप्ते सांभाळणाऱ्या बाईनं एक दिवस ओरडून हसलं तर काही बिघडत नाही. पण जायचं तर माहिती घेऊन जायचं.

थीम पार्क म्हणजे काय, तर एखादा विषय धरून बांधलेली मोठी बाग. पाळणे असतात, देखावे असतात, खेळ असतात. वॉटर पार्क म्हणजे पाण्याच्या घसरगुंड्या आणि लाटांचा तलाव. बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकाच आवारात असतं, पण तिकीट कधी एकच, कधी वेगवेगळं. हे फोनवरच विचारून घ्यायचं.

आपल्याला जवळ काय? सगळ्यात आधी शेगावचं आनंदसागर. गजानन महाराज संस्थानानं उभारलेलं, तलाव, ध्यानकेंद्र, झाडी. ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी पाहिलं त्यांच्या डोक्यात अजून तिथली झुकझुक गाडी आहे. पण मध्ये काही वर्षं ते बंद होतं आणि पुन्हा उघडलं तेव्हा सगळं नाही, काही भागच उघडला. म्हणून लेकरांना गाडीचं आमिष दाखवण्याआधी संस्थानाकडे चौकशी करा. दर्शन झालं, बाग झाली, तर शेगावची सहल कमी पैशात होते आणि घरची परवानगीही सोपी जाते, हे खरं.

दुसरी दिशा हैदराबाद. आपला महागावचा रस्ता म्हणजे नागपूर-तुळजापूर महामार्ग. उमरखेड, हदगाव करत नांदेड, तिथून पुढं तेलंगण. रामोजी फिल्म सिटी १९९६ साली सुरू झाली. सोळाशेहून जास्त एकरांचा सिनेमाचा कारखानाच म्हणा. तिथं बसमधून फिरवतात, देखावे दाखवतात. ज्यांना पाळण्याची भीती वाटते, गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी हे बरं, तरी चालणं होतंच. वंडरला ही बाग हैदराबादला २०१६ मध्ये उघडली. तिथं जमिनीवरचे पाळणेही आहेत आणि पाण्याचे खेळही. दोन्ही ठिकाणं एका दिवसात करू म्हणणारा एजंट भेटला तर त्याला नमस्कार करा आणि पुढं चला. एकेका ठिकाणाला पूर्ण दिवस लागतो.

तिसरं खोपोलीजवळचं इमॅजिका. २०१३ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याच्या नावात अ‍ॅडलॅब्स होतं. २०२२ मध्ये ते मालपाणी समूहाकडे गेलं. आपल्याकडून फार लांब, रात्रभर बस. म्हातारी माणसं आणि तान्ही लेकरं घेऊन जाण्यासारखं नाही, असं आमचं मत. शिर्डीला जाणाऱ्यांना तिथं वॉटर पार्क आणि साईतीर्थ नावाचं पार्क आहे, ते दर्शनासोबत जमतं.

आणि मुंबईचं एस्सेलवर्ल्ड? ज्याची टीव्हीवरची जाहिरात आपल्या पिढीला पाठ होती? ते १९८९ साली सुरू झालं आणि २०२२ मध्ये बंद झालं. सहलीच्या जुन्या पत्रकात अजून त्याचं नाव दिसलं, तर बाकीच्या यादीवरही किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

आता पैशाचं. मोठ्या पार्कचं तिकीट माणशी हजाराच्या आसपास किंवा पुढंच जातं, शनिवार-रविवार आणि सणासुदीला आणखी चढतं. मधल्या वारी, म्हणजे मंगळवार ते गुरुवार, दरही कमी असतो आणि रांगाही. आपल्याला रविवारच हवा असा आग्रह नोकरदारांचा असतो, आपला नाही. शाळेच्या पोरांना न्यायचं असेल तेवढा प्रश्न. गटानं जाणाऱ्यांना सूट असते, पण किती माणसांपासून, ते प्रत्येक ठिकाणी वेगळं. एका गटात बारा-पंधरा बाया भरत असतील तर ग्रामसंघातल्या दुसऱ्या गटाला सोबत घ्या. तिकिटात कर धरला आहे का, जेवण धरलं आहे का, हेही विचारा. लेकरांचं तिकीट अनेक ठिकाणी वयावर नाही, उंचीवर असतं. सात वर्षांचं पोर उंच असेल तर पूर्ण पैसे लागू शकतात. घरीच भिंतीवर मोजून घ्या.

हा पैसा आणायचा कुठून, यावर आम्ही जरा कडक बोलणार. फिरता निधी, समुदाय गुंतवणूक निधी, बँकेचं कर्ज यातला एक रुपयाही सहलीला लावायचा नाही. अंतर्गत कर्ज म्हणून काढून "घरखर्च" असं लिहायचं, हेही नाही. तो पैसा शेळीचा, शिलाई मशीनचा, बियाण्याचा आहे, आणि एकदा वहीत खोटं लिहिलं की पुढच्या प्रत्येक नोंदीवर शंका येते. सहलीसाठी वेगळी वही, वेगळा डबा. महिन्याला शंभर रुपये टाकले तर वर्षाला बाराशे होतात, दोनशे टाकले तर चोवीसशे. जिला जमत नाही तिनं डब्यात टाकायचं नाही, आणि त्यावरून तिला बैठकीत कोणी टोचून बोलायचं नाही. सहलीला न गेल्यानं तिचा कर्जाचा नंबर मागं जात नाही, हे ठरावात लिहून ठेवलं तर उत्तम. हे लिहावं लागतं, कारण सहलीवरून फुटलेले गट आम्ही पाहिले आहेत.

प्रवासाचं ऐका. एसटीत बायांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. शेगावला, नांदेडला जाताना याचा चांगला फायदा होतो. पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. तेलंगणात बायांना बस फुकट आहे असं ऐकून काही जणी खूश होतात. ती योजना डिसेंबर २०२३ पासून आहे खरी, पण तिथल्या रहिवासी बायांसाठी. कंडक्टर ओळखपत्र मागतो. आपण तिकिटाचे पैसे धरूनच चालायचं. नांदेडहून सिकंदराबादला रेल्वेही आहे, देवगिरी एक्सप्रेससारखी, आणि वीस-पंचवीस जणींना रात्रीच्या बसपेक्षा रेल्वे बरी. पूर्ण एसटी भाड्यानं घ्यायची तर उमरखेड किंवा पुसदच्या आगारात नैमित्तिक कराराचा दर विचारा आणि कागदावर घ्या.

खासगी बस घेतलीच तर स्वस्त आहे एवढंच पाहू नका. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. आपण पाळण्याला घाबरतो, पण सहलीतला मोठा धोका रस्त्यावर असतो. रात्रभराचा प्रवास असेल तर दोन चालक आहेत का, परराज्याचा परवाना आहे का, संकटकाळी बाहेर पडायची खिडकी उघडते का आणि तिच्यासमोर सामान तर रचलेलं नाही ना, हे बसायच्या आधी बघायचं. मालकाला राग आला तर येऊ द्या.

आता पाळण्यांचं, आणि त्यासोबत कपड्यांचं, कारण या दोन गोष्टी जोडलेल्या आहेत. मोठ्या घसरगाडीला, म्हणजे रोलर कोस्टरला, बहुतेक ठिकाणी साखळीनं वर ओढत नेतात. वर पोचल्यावर सोडलं की पुढं ती आपल्याच वजनानं धावते. उतारावर पोट हलकं होतं आणि वळणावर अंग दुप्पट-तिप्पट जड होतं. त्या क्षणी रक्तदाब, मान, कंबर या सगळ्यांवर ताण येतो. म्हणून गरोदर बाई, हृदयाचा त्रास, वाढलेला बीपी, मणक्याचा आजार, नुकतं झालेलं ऑपरेशन असलेल्यांनी बसू नये, असे फलक लावलेले असतात.

फलक वाचून कोणी बाजूला होत नाही, ही अडचण आहे. गर्भपिशवीचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झालेले असतात, पण चारचौघीत सांगायची लाज वाटते. नवी सून, दिवस राहिलेत हे अजून सासूलाही माहीत नसतं. रक्त सात-आठवर असलेली बाई उन्हात रांगेत उभी राहून चक्कर येऊन पडते. म्हणून जायच्या आठवडाभर आधी अध्यक्ष किंवा सचिवांनी एकेकीला बाजूला घेऊन विचारायचं, सगळ्यांसमोर नाही. शंका असेल तर आशाताईला विचारा, आरोग्य केंद्रात दाखवा. जी बसणार नाही तिला "घाबरली" म्हणून चिडवायचं नाही. तिनं कारण सांगायलाच हवं असंही नाही.

साडीचं म्हणाल तर, जमिनीवरच्या साध्या पाळण्यात साडी नेसून बसता येतं, पदर नीट खोचून आणि पिन लावून. पाण्यात मात्र साडी, सुती कपडे, ओढणी चालत नाही. हा आपला अपमान नव्हे. ओलं लुगडं जड होतं, घसरगुंडीत अडकतं, पाण्यात पायाला गुंडाळलं की बाई उभी राहू शकत नाही. नायलॉनचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग बाजारात मिळते, तीच घरून न्यायची. तिथं भाड्यानं मिळते, पण पैसे लागतात आणि मापाची मिळेलच असं नाही. आणि एक, कोणाचेही फोटो तिला विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, गावच्या ग्रुपवर तर टाकायचेच नाहीत. बायांचं अर्धं अवघडलेपण पाण्याचं नसतं, फोटोचं असतं.

मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, कानातलं, शक्य तेवढं घरीच ठेवा. केसांचा अंबाडा घट्ट बांधा. हैदराबादजवळ २०२० मध्ये गो-कार्ट नावाच्या छोट्या गाडीच्या चाकात केस अडकून एका तरुण मुलीचा जीव गेला. वेणी पाठीवर मोकळी सोडून अशा गाडीत बसायचंच नाही, हेल्मेट दिलं तरी केस त्याच्या आत गेले पाहिजेत.

पाळणा सुरू व्हायच्या आधी आपला पट्टा, आपला दांडा स्वतः ओढून बघा. कर्मचाऱ्यानं बघितलं तरी. सैल वाटला तर हात वर करून ओरडा, थांबवा. अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ जुलै २०१९ मध्ये चालता पाळणा तुटून दोघांचा जीव गेला. राजकोटच्या गेम झोनमध्ये मे २०२४ मध्ये आग लागून २७ जण गेले, त्यात लेकरंही होती. म्हणून बंद जागेतल्या खेळात शिरताना बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठं आहे ते पाहायचं, आणि नसेल तर लेकरांना आत पाठवायचं नाही. हे सगळं आपल्या यात्रेतल्या पाळण्यांनाही लागू आहे, किंबहुना जास्तच. गंजलेला दांडा, दोरीनं बांधलेलं दार आणि रिकाम्या पाळण्याची एकही फेरी न मारता भरायला सुरुवात करणारा मालक दिसला, तर दहा रुपये वाचवा.

जेवणाबद्दल. भाकरी-ठेचा आत नेऊ देत नाहीत, हे सहसा सगळीकडे आहे. बाळाचं खाणं आणि औषधं मात्र दाखवून नेता येतात. आतलं जेवण महाग. आपले गट काय करतात, सकाळी बसजवळच पोटभर जेवून घेतात आणि दुपारी हातावर शिक्का मारून बाहेर येऊन पुन्हा खातात. पण बाहेर आल्यावर परत आत घेतात का, हे दारावरच विचारा. भरल्या पोटानं लगेच मोठ्या पाळण्यात बसू नका, कारण स्पष्ट आहे.

मोठे पाळणे सकाळी आधी करून घ्यायचे, कारण दार उघडल्यावर पहिला तास-दीड तास रांग कमी असते. बाकीचे लोक दारातच फोटो काढत असतात. चौघी-चौघींची टोळी करा, प्रत्येक टोळीत एक शिकलेली पोरगी ठेवा, तिला फलक वाचता येतात. चार वाजता भेटायची जागा ठरवा. लेकरांच्या खिशात आईचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, पाण्यात जाणार असेल तर प्लास्टिकमध्ये.

वर्षभराचा पास घ्यावा का, असं दोनदा जाऊन आलेल्या एका गटानं विचारलं. हैदराबाद-मुंबईत राहणाऱ्यांना तो परवडतो. आपल्याला बसभाडंच तिकिटाएवढं होतं. त्यापेक्षा एक वर्ष पाणी, एक वर्ष रामोजी, एक वर्ष जवळचं शेगाव असं आलटून पालटून करा.

आणि कधी जायचं? मे महिन्यात नाही, सुट्टीची गर्दी आणि वर उन्हाचा तडाखा. दिवाळीनंतर वेचणीची घाई. शेवटचा वेचा झाला, हळद काढायला अवकाश आहे, असे फेब्रुवारीतले दिवस आपल्या तालुक्याला बरे पडतात. पोरांच्या परीक्षा असतील तर पोरं घरी, बाया सहलीला. परत आल्यावर तिकिटाचा दर, बसचं भाडं, तारीख आणि काय फसलं ते सहलीच्या वहीत लिहा आणि ती वही ग्रामसंघाच्या बैठकीला घेऊन या. पुढच्या गटाला तीच लागणार आहे.